एअर पिस्तूल सोडून प्रॅक्टिकल शूटिंगकडं जाताना: आईच्या प्रश्नापासून सुरुवात

तू जे विचारलंस ते आधी दोन ओळीत मांडतो. तू सातपूरला नोकरीला, दोन वर्षं झाली 10 मीटर एअर पिस्तूल मारतोयस, आता कंपनी दोन वर्षांसाठी चेक रिपब्लिकला ब्रनोला पाठवतेय आणि तिथं तुला प्रॅक्टिकल शूटिंग खेळायचंय, म्हणजे ते पळत जाऊन वेगवेगळ्या जागेवरून टार्गेट मारायचं असतं ते. नियम काय, सामान काय घेऊ, आणि आई म्हणते पळता पळता गोळ्या झाडायच्या म्हणजे आज ना उद्या कुणाला तरी लागणार, तर तिला काय सांगू.

मी त्याच भागात सहा वर्षं होतो, पाच वर्षं क्लबकडून खेळलो, त्यातली शेवटची दोन वर्षं रेंज ऑफिसर म्हणून हातात टायमर घेऊन इतरांच्या मागं पळालो, आता नाशिकला परत येऊन पोरांना एअर पिस्तूल शिकवतो. त्यामुळं जे सांगतोय ते दोन्हीकडचं बघून सांगतोय. आणि सुरुवात आईच्या प्रश्नापासूनच करतो कारण खरं तर सगळा खेळ त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, नियमांचं पुस्तक उघडलंस तर मार्कांपेक्षा जास्त जीव त्यातच ओतलेला दिसेल.

आईला सांग की त्या रेंजवर पन्नास माणसं कमरेला पिस्तूल लावून फिरत असली तरी ती सगळी पिस्तुलं रिकामी असतात. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलेलं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागं गोळी बसते ती जागा, मोकळं. याला कोल्ड रेंज म्हणतात. एका बे मध्ये, म्हणजे तीन बाजूंनी मातीचा उंच भराव घातलेला जो कप्पा असतो त्यात, एका वेळी एकच पिस्तूल भरलेलं असतं, आणि ते ज्याच्या हातात आहे त्याच्या मागं हाताच्या अंतरावर एक रेंज ऑफिसर उभा असतो ज्याचं लक्ष टार्गेटकडं नसतंच, त्याचं लक्ष फक्त पिस्तुलाकडं आणि बोटाकडं. खेळाडू पळाला की तो पळतो, खेळाडू थांबला की तो थांबतो. बाकी सगळे मागं, कानाला मफ, डोळ्याला चष्मा. आपल्याकडं लग्नाच्या वरातीत हौसेनं बार काढणारे असतात ना, टीव्हीवर बातम्या येतात, आईच्या डोळ्यासमोर ते चित्र असणार. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या आर्म्स ऍक्टमध्ये तशा हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि ते योग्यच आहे. या खेळात त्याच्या बरोब्बर उलटं असतं, इथं पिस्तूल नुसतं पिशवीतून काढून बघायचं म्हटलं तरी त्याची ठरलेली जागा आहे.

त्या जागेला सेफ्टी एरिया म्हणतात. एक टेबल, मागं भराव, बोर्ड लावलेला. तिथं तू रिकामं पिस्तूल काढू शकतोस, होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या खोळीत, घालू शकतोस, पुसू शकतोस, ड्राय मारू शकतोस, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबून सराव. पण तिथं गोळीला हात लावायचा नाही, डमी गोळीला सुद्धा नाही, भरलेलं मॅगझिन खिशातून काढायचं नाही. म्हणजे जिथं पिस्तूल हाताळायचं तिथं गोळी नाही, आणि मॅगझिन भरायला बसशील तिथं पिस्तुलाला हात नाही, दोन्ही एकत्र येतात ते फक्त रेंज ऑफिसरनं सांगितल्यावर. हे एवढं पाळलं तर निम्मे अपघात व्हायला जागाच उरत नाही. नवीन मुलं इथंच चुकतात, मॅच सुरू व्हायच्या आधीच गाडीच्या डिकीपाशी पिस्तूल काढून मित्राला दाखवतात आणि एक गोळी न मारता घरी जातात.

आता कमांड. सगळ्या जगात इंग्रजीतच असतात, चेक मॅचला सुद्धा, त्यामुळं भाषेची काळजी करू नको. लोड अँड मेक रेडी म्हटलं की पिस्तूल काढायचं, भरायचं, होल्स्टरला परत किंवा ब्रीफिंगमध्ये सांगितलं असेल तसं ठेवायचं. मग आर यू रेडी. गप्प राहिलास तर तयार आहेस असंच धरतात, तयार नसशील तर तोंडानं नॉट रेडी म्हणायचं, लाजायचं नाही. मग स्टँडबाय, त्यानंतर एक ते चार सेकंदात टायमरचा बीप, तो कधी वाजेल ते मुद्दाम सांगत नाहीत. झालं की इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर, मॅगझिन काढ, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागं ओढून चेंबर दाखव. मग इफ क्लिअर, हॅमर डाऊन, होल्स्टर, म्हणजे स्लाइड पुढं सोडून भरावाकडं धरून एकदा ट्रिगर दाब. हा शेवटचा ट्रिगर दाबणं लोकांना निरर्थक वाटतं पण चेंबरमध्ये चुकून गोळी राहिलीच असेल तर ती भरावात जाते, तुझ्या मांडीत नाही. अर्थात बार निघाला तर तू मॅचमधून बाद, पण धडधाकट घरी जातोस. सगळ्यात शेवटी रेंज इज क्लिअर, आणि ते ऐकेपर्यंत कुणीही टार्गेटकडं पाऊल टाकायचं नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये कधीही स्टॉप ऐकू आलं तर तिथल्या तिथं थिजायचं, बोट बाहेर, नळी भरावाकडं, एक सुद्धा गोळी जास्त नाही. का थांबवलं ते नंतर विचार.

बाद होणं म्हणजे डीक्यू. हा त्या स्टेजपुरता, म्हणजे मॅचमधल्या त्या एका फेरीपुरता, नसतो, अख्ख्या मॅचचा असतो. दोन दिवसांची मॅच असो, पाचशे किलोमीटर गाडी चालवून आलेला असो, संपलं. कशाकशाला होतो ते पुस्तकात सविस्तर आहे पण मुख्य गोष्टी तू आजपासून अंगात भिनव. पिस्तुलाची नळी समोरच्या भरावापासून डावीकडं किंवा उजवीकडं 90 अंशांच्या पलीकडं गेली, डीक्यू, गोळी उडाली की नाही हा प्रश्नच नाही. नळी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावरून गेली, डीक्यू. पळताना, मॅगझिन बदलताना, अडकलेलं पिस्तूल मोकळं करताना बोट ट्रिगर गार्डच्या आत दिसलं, डीक्यू. त्या कामांच्या वेळी गोळी सुटली, किंवा भरावावरून वर गेली, किंवा तुझ्यापासून तीन मीटरच्या आत जमिनीत बसली (एवढ्या जवळच्या कागदी टार्गेटवर मारताना बसली तर ते वेगळं), डीक्यू. पिस्तूल हातातून पडलं, डीक्यू, आणि पडलेलं पिस्तूल तू उचलायचं नाही, ते रेंज ऑफिसर उचलतो. हे शेवटचं का ते समजून घे, पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि घाईत बोट नेमकं ट्रिगरवर बसतं, म्हणून पडलं तर पडू द्यायचं. दोन हजार युरोचं असलं तरी पडू द्यायचं.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी बाद झालो. मध्यम लांबीची स्टेज होती, उजवीकडून सुरू करून डावीकडं जायचं आणि वाटेत मॅगझिन बदलायचं. मी उजव्या हाताचा. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडं पळताना मॅगझिन बदलणं ही या खेळातली सगळ्यात धोक्याची जागा, कारण शरीर पळायच्या दिशेनं वळतं, कोपर पोटाशी येतं, आणि नळी शरीराबरोबर डावीकडं फिरत जाते आणि आपली नजर तेव्हा मॅगझिनच्या तोंडावर असते म्हणून कळत पण नाही. मागून स्टॉप आलं. माझ्या मते मी 90 च्या आतच होतो, तसं म्हणालो पण, पण मागं स्क्वाडमधल्या, म्हणजे माझ्याबरोबर खेळणाऱ्या गटातल्या, तिघांनी बघितलं होतं. फार वाईट वाटलं. पण मी दिवसभर थांबलो, टार्गेटला पट्ट्या चिकटवल्या, पाडलेले पॉपर, म्हणजे गोळी लागली की पडणारी पोलादी टार्गेट, उभे केले, आणि पुढच्या शनिवारी क्लबच्या एका म्हाताऱ्या सभासदानं मला रिकामं पिस्तूल घेऊन उजवीकडून डावीकडं नुसतं चालायला लावलं, पळायला नाही, चालायला, पन्नास वेळा तरी, आणि दर वेळी मॅगझिन बदलताना पिस्तूल चेहऱ्यासमोर उंच आणि नळी भरावावरच्या एका ठरलेल्या दगडाकडं. तेव्हापासून मी प्रत्येक स्टेज आधी चालून बघताना (ब्रीफिंगनंतर चार-पाच मिनिटं मिळतात त्यासाठी) पहिल्यांदा हे शोधतो की इथं माझी नळी कुठं फिरू शकते. टार्गेट कुठंय ते नंतर. तू पण तसंच कर. डावीकडची पळापळ, मागं यायचं असलेली जागा, दार उघडायचं असेल तर दार, या तीन ठिकाणी थांबून विचार कर.

रेंज ऑफिसर झाल्यावर मी पण लोकांना बाद केलं, त्यात एक मुलगा तुझ्याच वयाचा होता, रडवेला झाला. कुणाला बाद करताना बरं वाटत नाही. पण तिथं वॉर्निंग देऊन सोडून द्यायची पद्धत ठेवली असती तर प्रत्येक जण एका वॉर्निंगचा हिशोब धरूनच पळाला असता. माझं तर असं मत आहे की आपल्याकडच्या एअर पिस्तूल क्लबांत सुद्धा एवढं कडक असायला हवं. आपल्याकडं छर्‍याची बंदूक म्हणजे खेळणं असं समजून पोरं पिस्तूल हातात धरूनच मागं वळतात, गप्पा मारतात, आणि शिकवणारे नुसतं अरे खाली ठेव म्हणतात. 4.5 मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

एक गोष्ट एअरवाल्यांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहितो, स्क्विब. काडतुसात दारूच नसली किंवा फार कमी पडली तर धडाम आवाजाच्या जागी फुस्स किंवा टप्प असा आवाज येतो, झटका लागत नाही, आणि गोळी नळीतच अडकून बसते. पळायच्या नादात माणूस स्लाइड ओढून पुढची गोळी मारतो आणि नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज वेगळा आला की थांब, कितीही छान स्टेज चाललेली असू दे. रेंज ऑफिसरला संशय आला तर तो ओरडेलच, पण तुझा हात तुलाच आधी कळतो. आणि ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी भरावाकडंच धरून मग काय ते कर, पिस्तूल वळवून तोंडाकडून बघायचं नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतो, कारण मी बघितलंय.

आता खेळ कसा मोजतात ते, कारण तुझ्यासारख्या दहा मीटरवाल्याला इथं डोकं बदलावं लागतं. आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही या खेळाची जागतिक संघटना 1976 साली अमेरिकेत कोलंबिया, मिझुरी इथं झालेल्या बैठकीतून सुरू झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष, आणि तिचं लॅटिन ब्रीद अचूकता, ताकद आणि वेग असं आहे, तिन्ही एकत्र. टार्गेट पुठ्ठ्याचं, त्यावर ए, सी, डी असे भाग. ए ला 5. कमी ताकदीच्या म्हणजे मायनर गोळीला सी चे 3 आणि डी चा 1, जास्त ताकदीच्या म्हणजे मेजर गोळीला सी चे 4 आणि डी चे 2. टार्गेटला लागलंच नाही तर उणे 10, जे टार्गेट मारायचं नाही त्याला लागलं तरी उणे 10. हे सगळे मार्क मिळवून त्याला सेकंदांनी भागायचं, जो आकडा येतो तो हिट फॅक्टर. ज्याचा सगळ्यात जास्त त्याला स्टेजचे पूर्ण मार्क, बाकीच्यांना त्या प्रमाणात.

समज बारा गोळ्यांची छोटी स्टेज आहे, पूर्ण मार्क 60, सगळे मायनर. एकानं बाराच्या बारा ए मारले पण 10 सेकंद घेतले, 60 भागिले 10, फॅक्टर 6. दुसऱ्यानं आठ ए आणि चार सी मारले, 52 मार्क, पण 8 सेकंदात, फॅक्टर 6.5, हा जिंकला आणि पहिल्याला 60 पैकी साधारण 55.4 मिळाले. तिसरा अजून जोरात गेला, साडेसात सेकंद, अकरा ए पण एक मिस, 55 वजा 10 म्हणजे 45, भागिले 7.5, फॅक्टर परत 6. म्हणजे एवढा जीव तोडून पळून तो सावकाश मारणाऱ्याच्या बरोबरीला आला. एक मिस म्हणजे उणे 10 आणि वर जे 5 मिळाले असते ते पण गेले, एकूण 15 चा खड्डा. हे गणित कागदावर चार-पाच वेळा करून बघ म्हणजे कळेल की यात नुसता वेग चालत नाही आणि तुझं ते दहाच्या वर्तुळातलं दहा शोधत बसणं पण चालत नाही. तू आता सव्वा तासात 60 छर्रे मारतोस, तिथं लांब स्टेजला जास्तीत जास्त 32 गोळ्यांची आखणी असते आणि चांगला माणूस ती वीस-पंचवीस सेकंदात संपवतो. मध्यम स्टेज 24, छोटी 12, आणि एकाच जागेवरून नऊपेक्षा जास्त हिट लागतील अशी आखणी करत नाहीत म्हणून हलावंच लागतं.

ताकद मोजतात ती अशी, गोळीचं वजन ग्रेनमध्ये (वजनाचं छोटं माप) गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले 1000. 124 ग्रेनची गोळी 1050 फुटानं गेली तर 130.2. मायनरला 125 लागतं. मॅचला तुझ्याकडच्या गोळ्या घेऊन क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मारून बघतात, 125 च्या खाली निघालास तर खेळू देतात पण मार्क नाहीत. नवीन माणसानं फॅक्टरीच्या गोळ्या घ्याव्यात, घरी भरलेल्या नाहीत. तिकडं सेलिअर अँड बेलॉ गावोगाव मिळते, 1825 पासूनची कंपनी आहे.

सामान. घाई करू नको, पहिले तीन-चार महिने काहीच विकत घेऊ नको फक्त चष्मा आणि कान सोडून. तिकडं रेंजवर देखरेखीखाली लायसन्स नसताना सुद्धा मारता येतं, पिस्तूल क्लबचं किंवा रेंजचं. स्वतःचं घ्यायचं म्हटलं की परीक्षा आहे, कायदा, प्रथमोपचार, हाताळणी, आणि ती चेक भाषेत. तोपर्यंत क्लबमधल्या लोकांची पिस्तुलं हातात घेऊन बघ. पिस्तुलाच्या प्रकारावरून खेळाडूंचे गट असतात त्यांना डिव्हिजन म्हणतात, त्यातल्या प्रॉडक्शन डिव्हिजनमधून सुरुवात कर असं मी म्हणेन. त्यात पिस्तूल साधारण कंपनीतून येतं तसंच असतं, वर ऑप्टिक, म्हणजे नेमाची काच, नाही, सगळे मायनरच धरतात, मॅगझिनमध्ये 15 च्या वर गोळ्या भरायच्या नाहीत, त्यामुळं पैशानं कुणी फार पुढं जात नाही. ओपन डिव्हिजनची ती कॉम्पेन्सेटरवाली (नळीच्या टोकाला झटका कमी करणारा भाग असलेली) पिस्तुलं व्हिडिओत भारी दिसतात पण ती दहा वर्षांनी. तिथं निम्म्या लोकांच्या कमरेला सीझेड शॅडो 2 दिसेल, तिथंच उहेरस्की ब्रोदला बनते, सव्वा किलोच्या वर वजन, त्यामुळं झटका फार कमी जाणवतो. ग्लॉक 17 त्याच्या निम्म्यानं हलकी. दोन्ही मारून बघ आणि हातात जे नीट बसतं ते, दुसरा काही निकष नाही.

पिस्तुलापेक्षा मला बेल्ट आणि होल्स्टर महत्त्वाचं वाटतं, लोक इथं पैसे वाचवतात. बेल्ट दोन पदरी घे, आतला पातळ वेल्क्रोचा पँटच्या लुप्समधून, त्यावर बाहेरचा जाड. ढिला बेल्ट असला की पिस्तूल काढताना होल्स्टर पण वर येतं. होल्स्टरनं ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, आणि पिस्तूल घालून उलटं धरून हलवलं तरी पडलं नाही पाहिजे, पळताना पडलेलं पिस्तूल म्हणजे काय ते वर सांगितलंच. चार मॅगझिन पाऊच, पाच मॅगझिन. बूट मळ्यात चालतील असे, खाली दातेरी सोल, कारण पावसानंतर ते भराव म्हणजे आपल्याकडची द्राक्षबागेतली काळी माती जशी बुटाला चिकटते तसंच असतं आणि घसरून पडलेल्या माणसाची नळी कुठंही जाते.

चष्मा पॉलिकार्बोनेटचा आणि बाजूनं पण झाकणारा. पोलादी टार्गेटला सात मीटरपेक्षा जवळून मारायची परवानगी नाही तरी गोळीचे बारीक तुकडे मागं येतात, मला गालाला लागलेत. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालायचा मिळतो. कानाला मी दुहेरी सांगतो, आत फोमचे प्लग आणि वर इलेक्ट्रॉनिक मफ, म्हणजे कमांड ऐकू येतात आणि बार दबतो. एअर पिस्तूलला आपण काही घालत नाही म्हणून सवय नसते, पण 9 एमएमचा, म्हणजे या पिस्तुलांच्या काडतुसाचा, आवाज कानातल्या ज्या पेशी मारतो त्या परत येत नाहीत. स्टेजच्या मध्ये चष्मा किंवा मफ निघून पडला तर रेंज ऑफिसर थांबवतो आणि परत मारायला देतो, दंड नाही, त्यामुळं तसाच पुढं पळायचा वेडेपणा करू नको.

आणि शिसं. हे तर तुला आजपासूनच लागू आहे कारण आपले छर्रे पण शिशाचेच. रेंजवर खायचं नाही, मॅचच्या मध्ये सँडविच खायचं तर आधी हात साबणानं आणि गार पाण्यानं धू, घरी आल्यावर कपडे वेगळे धुवायला टाक, बूट दाराबाहेर. छर्रे तोंडात धरणारी मुलं मी अजून बघतो, मला राहवत नाही, ओरडतो. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त भिनतं.

तुझ्याकडं आधीच काय आहे ते पण सांगतो, नाहीतर वाटेल सगळं शून्यापासून. 500 ग्रॅमचा ट्रिगर न हलवता दाबायची तुझी सवय हे सोनं आहे, तिकडचे कित्येक जण वर्षानुवर्षं झटके मारतात. नजर माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमावर, ठेवणं पण आलेलंच आहे. सोडायचं काय तर तीन गोष्टी. एक हातानं मारणं, तिकडं दोन्ही हात, डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा घट्ट. ताठ बाजूनं उभं राहणं, तिकडं टार्गेटला छाती, गुडघे सैल. आणि तिसरी जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आपण एअर पिस्तूल वर नेताना किंवा खाली आणताना बोट ट्रिगरवर टेकवून पहिला दाब घेतो, हजारो वेळा घेतलेला असतो, ती सवय तिकडं तुला पहिल्याच मॅचला घरी पाठवेल. बोट नेम टार्गेटवर आल्यावरच आत, नेम सुटला की बाहेर, फ्रेमवर सरळ. जायला तीन महिने आहेत ना, मग एअर पिस्तूलला पण आतापासून तसंच कर, स्कोअर थोडे पडले तर पडू दे.

इथं परत आल्यावर काय, तर तेही आत्ताच स्पष्ट असू दे. आपल्याकडं 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर नागरिकाला मिळत नाही, लायसन्सलाच 21 वर्षांची अट, आणि तुझं 0.177 इंची, म्हणजे 4.5 मिलिमीटरचं, एअर पिस्तूल 20 ज्यूलच्या खूप खाली बसतं म्हणून त्याला लायसन्स लागत नाही एवढंच. त्यामुळं एअर पिस्तूल सोडू नको, ते तुझं घर आहे. आणि दोन्ही खेळ एकमेकांपासून फार लांब आहेत असं पण समजू नको. 2024 च्या ऑलिंपिकचं शूटिंग पॅरिसमध्ये झालंच नव्हतं, ते शातोरूच्या रेंजवर झालं, तिथंच 1 ऑगस्टला आपल्या नाशिकमध्ये राहून शूटिंग शिकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनला 451.4 मारून कांस्य आणलं, आणि त्याच शातोरूला 2017 साली आयपीएससीची हँडगन वर्ल्ड शूट, म्हणजे पिस्तुलाची जागतिक स्पर्धा, झाली होती. म्हणजे एकाच ठिकाणी एक जण श्वास रोखून उभा होता आणि सात वर्षं आधी तिथंच लोक पळत होते, आणि ट्रिगर दाबायचं काम दोघांचं सारखंच.

एक शेवटची गोष्ट, ही नियमपुस्तकात नाही पण तिच्यामुळं आपल्या लोकांचं आयुष्य अडकलेलं आहे. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायम वेगळी ठेव. सुट्टीला घरी येताना रेंजवरची सॅक, जॅकेट, ती पँट, काहीही आणायचं नाही. एखादी गोळी अस्तरात, खिशाच्या शिवणीत अडकलेली असते आणि आपल्या विमानतळावर एक्सरेत एक जिवंत काडतूस दिसलं की आर्म्स ऍक्टखाली गुन्हा दाखल होतो, चुकून आलं हे सांगायला मग वकील लागतो. रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणू नको, मॅगझिन तर अजिबात नको. मी तिथून येताना होल्स्टर पण तिथल्याच एका मित्राला देऊन आलो.

जायच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी लवकर ये. मी सुताराकडून एक लाकडी पिस्तूल करून घेतलंय, शॅडोच्या वजनाचं व्हावं म्हणून आत लोखंडी पट्टी घातलीय, आणि घरातल्या मोठ्या खोलीत फरशीवर टेपनं रेषा मारल्यात, गच्चीवर करत नाही कारण शेजारच्यांनी बघितलं तर घाबरून पोलिसांना फोन करतील आणि त्यांची चूक नसेल. उजवीकडून डावीकडं चालायचं, बोट बाहेर, नळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. आईला पण घेऊन ये, तिनंच बघू दे आणि बोट आत गेलं की तिनंच स्टॉप म्हणू दे.